सावरखेड्याची रांग

३ मार्च १९८६, सोमवार

अखेर मुख्याध्यापिका झाले! नांदेडला तीस वर्षं वर्गावरची बाईच होते. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना बढती आली आणि तीही या नव्या लातूर जिल्ह्यात. चार वर्षंसुद्धा झाली नाहीत जिल्हा होऊन. कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग अजून ताजा आहे, नळ मात्र कोरडे. खोली लातूरला घेतली. शाळा सावरखेड्याला, छोट्या गाडीनं पाऊण तास. उन्हामुळे सकाळची शाळा, म्हणून साडेसहाची गाडी.

गाडी गोड आहे. खेळण्यातली वाटते. सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटमधून सुटीत घरी येताना असाच कोळशाचा कण डोळ्यात जायचा, आणि आई पदराच्या टोकानं तो काढायची.

एकच अडचण. बायकांच्या डब्यात सगळ्यांच्या मांडीवर रिकाम्या घागरी. सावरखेड्याला इंजिन पाणी घेतं आणि ड्रायव्हर बायकांना पाच मिनिटं तोटी सोडू देतो. त्या भरतात आणि उलट्या गाडीनं परत जातात. मला लहानपणापासून रिकाम्या भांड्याच्या तोंडाची भीती वाटते. आत कुणीतरी बसून वर बघतंय असं वाटतं. आई, गौरम्मा, माझ्यासाठी घरातली सगळी भांडी उपडी घालून ठेवायची. आता वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी हे कुणाला सांगणार? पाऊण तास मान वळवून खिडकीबाहेर पाहत बसले. बायकांना वाटलं असेल, काय मिजास आहे.

सावरखेड्याच्या फलाटावर गावातल्या घागरींची ही लांब रांग. जायच्या वाटेवरच एक जर्मलची, हलक्या अॅल्युमिनियमची घागर, तोंड नेमकं माझ्याकडे. छत्रीच्या टोकानं तिला जरा बाजूला सारलं आणि पुढे झाले. शाळेतल्या मुलींनी झेंडूची फुलं दिली. कुठून आणली असतील या दुष्काळात!

४ मार्च

काल मी शाळेत फुलं घेत होते तेव्हा स्टेशनवर एक बाई गाडीखाली गेली. पाण्याच्या भांडणात. पंचशीला नाव, बौद्धवस्तीतली, पंचवीस वर्षांची. रात्री जेवण गेलं नाही. एका घागरीसाठी!

६ मार्च

आज बरं वाटलं. डब्यात दाराजवळच्या बाकावर एक जर्मलची घागर होती, तिच्या तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं. तोंड झाकलेली तेवढी एकच. शेजारी कुणी बसलं नव्हतं. मी मुकाट्यानं समोर जाऊन बसले आणि पहिल्यांदा मान सरळ ठेवून प्रवास केला. बायका माझ्याकडे पाहू लागल्या. मी हसले, तर कुणी हसलं नाही. रोजच्या प्रवासातलं हे मला कधीच जमलं नाही: कुणाकडे किती पाहायचं, हसायचं कधी, गुडघ्याला गुडघा लागला तर माफी मागायची की नाही.

१० मार्च

शाळेचं काम बाजूला ठेवून हे आधी लिहिते.

भामाबाई म्हणून एक म्हातारी आहे, ती आज माझ्या शेजारी बसली आणि तिनं सगळं सांगितलं. इथला कायदा असा की बायका पहाटे घागर रांगेत ठेवून रोजगार हमीच्या कामावर हजेरी लावायला जातात. घागर ठिवली म्हंजी बाई उभी हाय, असं ती म्हणाली. त्या दिवशी पंचशीलेची घागर रांगेत दुसरी होती. ती परत आली तर घागर रांगेच्या बाहेर. बायका म्हणाल्या, नंबर गेला, शेवटी लाग. ती भांडली. तेवढ्यात तोटी बंद झाली, शिट्टी वाजली. ती घागर घेऊन इंजिनाच्या तोटीकडे धावली, ड्रायव्हरला थांब थांब म्हणत.

म्हणजे घागर सरकवली. बौद्धवस्तीतली म्हणून सरकवली! आपल्या घागरीला तिची लागू नये म्हणून! तीस वर्षं मी मुलींना काय शिकवत आले, आणि या बाया —

११ मार्च

आज बोलले. भर डब्यात उभी राहून बोलले. कॉन्व्हेंटच्या मदर सुपीरियर बोलायच्या तशी, एकेकीच्या तोंडावर बोट रोखून. म्हटलं, तुम्ही खुनी आहात. म्हटलं, कलेक्टरला लिहीन, एकेकीचं नाव देईन.

कुणी चिडलं नाही. तेच मला खटकलं. सरजाबाई नावाची एक धिप्पाड बाई आहे, तिनं आधी पानाची पिंक बाहेर टाकली, मग शांतपणे म्हणाली, "म्याडम, आमी तिच्या घागरीला शिवत न्हाई. पाप असंल तर पाप असंल, पर शिवत न्हाई. मग सरकवायची कशी वो?"

तिनं पदरानं तोंड पुसलं.

मग ती माझ्या छत्रीकडे पाहून म्हणाली, "हात न लावता सरकवायला कायतरी लांब पायजे."

१२ मार्च

३ तारखेचं पान पुन्हा वाचलं. चारदा वाचलं. "जरा बाजूला सारलं."

जरा.

खुनी मीच. आणि या बाया! एकीनंही तिला सांगितलं नाही की नवी म्याडम आली होती, तिनं सारली, तुझा नंबर तुझाच आहे. एवढं एक वाक्य बोलल्या असत्या तर ती जगली असती. बाईंना कसं बोलावं म्हणून गप्प बसल्या. त्यांचाही राग येतो. माझा त्याहून येतो. छत्री शाळेमागच्या कोरड्या विहिरीत टाकली.

१३ मार्च

फडक्याची घागर आज समोर नव्हती. माझ्या बाकावर, खिडकीशी होती. मी दाराकडच्या टोकाला बसले. फडकं ओलं होतं. या दुष्काळात ओलं.

१५ मार्च

पंचशीलेच्या आईकडे गेले, चांगुणाबाईकडे. सगळं सांगायचंच असं ठरवून गेले. तिनं बसायला पोतं टाकलं, माठाच्या तळातलं पाणी वाटीनं खरवडून काढून पेला भरला आणि म्हणाली, "घ्या बाई, लांबून आल्या." आणि म्हणाली, "माझी पोरगी भांडखोर न्हवती वो. लोक म्हनायलेत, भांडली म्हनून मेली. घागर सरकवली कुनी, येवढं कळलं असतं तर जिवाला बरं वाटलं असतं."

मी पाणी प्यायले. सांगितलं नाही. तिचं शेवटचं पाणी पिऊन, पदर सावरून उठून आले. धिक्कार असो माझा.

निघताना कोपऱ्यात पाहिलं. जर्मलची घागर, चेपून भाकरीसारखी सपाट झालेली. रुळातून स्टेशनवरच्या मारोती हमालानं आणून दिली, असं ती म्हणाली.

मग गाडीत दिसते ती —

१७ मार्च

भामाबाईला विचारलं, ती फडकं बांधलेली घागर कुणाची? तिनं बाकाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, तिथं काय बी न्हाई, म्याडम. तुमच्या पिशवीसाठी म्हणून ती जागा आम्ही सोडतो.

घागर आणखी हातभर जवळ आलेली. फडक्याची गाठ सुटत आलेली.

१८ मार्च

उद्या सांगणार. चांगुणाबाईला सांगणार, फलाटावर सगळ्यांसमोर सांगणार. तिचा नंबर तिला परत देणार. उद्या नक्की.

आज शाळेतून थेट जाता आलं असतं. गेले नाही. चिठ्ठी लिहावी म्हटलं, तीही लिहिली नाही. पाय जड झाले होते, असं लिहिणार होते. खोटं. पाय ठीक आहेत.

१९ मार्च, गाडीत

डबा रिकामा. भामाबाई नाही, सरजाबाई नाही. एकही बाई नाही. बाकांवर नुसत्या घागरी, ओळीनं. घागर ठिवली म्हंजी बाई —

फडकं नाही आता. तोंड उघडं आहे. माझ्याकडे.

आई गं, उपडी घाल ना —

पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा आत पाहिलं. आत कुणी वर बघत नाही. आत फलाट आहे. लांब रांग. आणि एक जागा रिकामी.

वरच्या फळीवर छत्री. माझीच. विहिरीतली माती लागलेली.

सांगते गं. पंचशीला, सांगते. मीच सारली. ऐक, मी सगळ्यांसमोर —

बरगडीत काहीतरी टोचतंय. बारीक टोक. हात लावत नाही कुणी. नुसतं टोकानं सारतंय. जरा. आणखी जरा.

बाक संपत आला. दार उघडंच आहे. सावरखेडा येतंय, तोटीवर बायका दिसतात, कुणीतरी म्हणा ना, ही माझी जागा आहे, कुणीतरी एक वाक्य