पानफुटीच्या घंटा

झरी,
जानेवारी १९५४

प्रिय कावेरीताई,

तू आणि बाळ सुखरूप आहात हे कळलं. ओली बाळंतीण म्हणून आईच्या तेराव्याला तुला सेलूहून येता आलं नाही, ते एका अर्थी बरंच झालं. मला अजून अन्न गोड लागत नाही.

आडामागे लिंबाच्या सावलीत आईने लावलेली पानफुटी यंदा कधी नव्हे इतकी फुलली. तांबूस, खाली तोंड करून लोंबणाऱ्या घंटाच घंटा. तुला आठवत असेल, जेवून उठलेल्या पाहुण्याला आई तिकडे फिरकू द्यायची नाही. आचवायचा दगड तिने मुद्दाम गोठ्याकडे ठेवला होता. "चूळ तिकडं भरा, इकडं माझ्या घंटा आहेत," म्हणायची.

तेराव्याला सांगायला ती नव्हती. गोडाचं जेवण झालं, विडे वाटले, आणि मंडळी सावली बघून नेमकी तिथेच आचवली. घंटांवर भाताची शितं, सुपारीचा चोथा, काताची लाल लाळ. मी ओल्या फडक्याने एकेक घंटा पुसत होतो. दिनकरकाका दात कोरत म्हणाले, "काय करायलास रे उद्धव? फुलं पुसायलास? अरे, फुलं लय येतील. तुझ्या बापाला भाकरी कोण करून घालणार, ते बघ!" सगळे हसले. तिथेच, थुंकत थुंकत, मानवतच्या एका मुलीचं नाव निघालं. तुझ्याहून लहान आहे ती. अण्णा नको म्हणतील म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते विडा चघळत होते. "कामाला बरी आहे ना?" एवढंच त्यांनी विचारलं आणि तिथेच पिंक टाकली.

माघात अण्णांचं लग्न आहे. जेवणावळ आपल्याच अंगणात. अण्णा म्हणाले, "ते झुडूप उपट. फरशी टाकू, लोकांची आचवायची सोय होईल." उद्या गवंडी येणार आहे.

हे पत्रही अण्णांनीच लिहायला सांगितलं. "ताईला लग्नाला बोलाव, तुझं अक्षर बरं आहे." उर्दू शाळा अर्धवट सुटल्यावर मराठी अक्षर मला तूच गिरवून दिलंस. त्या अक्षरात हे बोलावणं माझ्याने लिहवत नाही. त्याऐवजी पाकिटात पानफुटीचं एक पान ठेवलं आहे. तुला पोचेपर्यंत त्याच्या कडेला मुळं फुटली असतील. पुरू नकोस, सावलीतल्या ओल्या मातीवर नुसतं ठेव. आणि त्याआधी तुमच्याकडचा आचवायचा दगड दुसरीकडे हलव.

तुझाच,
अजून हात धूत असलेला
उद्धव