हॉटेलातलं हळदीकुंकू

प्रिय प्रेमा,

प्रिय लिहिलं ते सवयीनं. मी रागात आहे, हे आधीच सांगून ठेवते. फोन काहून नाही केला, तर फोनवर तू रडते आणि मी पाघळते, मग मनातलं मनातच राहते. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, लागलं तर चष्मा लावून वाच, पण पूर्ण वाच.

रविवारच्या जेवणाचं लिहून राहिली. आमच्या साहिलचे बाबा पावसाळ्यात गेले, तेव्हापासून मी कोराडीच्या बाहेर पाय टाकला नव्हता. तू फोनवर म्हणाली, वैभवीनं धरमपेठेत बायांचं जेवण ठेवलं आहे, चायनीज आहे, तुले यावंच लागेल. तुझ्या सुनेनं आठवण ठेवली म्हणून बरं वाटलं. पेटीतली साडी काढली, बस धरली आणि आली.

दारात ही गर्दी. लग्नाच्या पंगतीत जेवणाऱ्याच्या मागं दुसरा उभा राहते ना, तसे लोक खुर्च्यांमागं उभे. बेसा भागातल्या तुझ्या बिल्डिंगमधल्या बाया फोटो काढण्यात दंग. गोल टेबल, त्याच्यावर फिरती काच, काचेवर बांबूच्या टोपल्या आणि टोपल्यांत ते डिमसम. वैभवी म्हणे, काकू, उकडीच्या मोदकासारखंच लागते. काय मोदक वं! आत कोबी, गाजर, ना तिखट ना मीठ, दातात धरावं तर घशात घसरते. मी हिरवी मिरची मागितली तर तुझी ती सोनेरी चष्म्याची बाई हसली. मग मी काच इकडून फिरवली, तिनं तिकडून, आणि सूपाची वाटी तिच्याच मांडीवर गेली. खोटं काहून सांगू, तोपर्यंत मी मजेत होती. कितीक दिवसांनी हसली होती.

तेवढ्यात तू माझ्या कानाशी आली. घरी राहिलेल्या रवींद्र भाऊजींसाठी पार्सल सांगून ये म्हणाली, त्यांना तेल चालत नाही, तूच नीट सांगशील, या हॉटेलवाल्यांना तुझ्याशिवाय कोणी दाबू शकत नाही. मी फुगली. काउंटरवर गेली, धक्के खाल्ले, पार्सल नेणाऱ्या पोरांशी भांडली, मॅनेजरले तीनदा बजावलं की माणसाले हृदयाचं दुखणं आहे, वरून तेल सोडशील तर पाहून घेईन. गरम पिशवी घेऊन परत आली, तर साऱ्या जणींच्या कपाळावर ताजं हळदीकुंकू. पुढ्यात तिळगूळ, हातात वाणाचे डबे. टोपल्यांच्या मधात चांदीचं तबक. मले पाहून साऱ्याजणी पदर सारखे करायले लागल्या.

वैभवीले काही समजलं नाही, पोर भोळी आहे. ती तबक घेऊन माझ्याकडं वळली. आणि तू म्हणाली, "राहू दे गं वैभवी, त्यांना नको."

त्यांना. खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या क्वार्टरात भिंतीले भिंत लागून आपण म्हाताऱ्या व्हायले आलो, तोवर मी तुझी सुभी होती. हातातली पिशवी खाली ठेवेपर्यंत मी 'त्यांना' झाली. आणि नको म्हणून कोणी सांगितलं तुले? मी सांगितलं? तू मले विचारलं होतं?

तुमच्याकडं चालत नसेल तर तोंडावर म्हणायचं होतं, सुभे, यंदा तुले बोलावत नाही. मी दोन शिव्या दिल्या असत्या आणि घरी भाकर खाल्ली असती. पण तुले मी पाहिजेही होती आणि नकोही होती. म्हणून बोलावलं, आणि वेळेवर कामाले लावून उठवलं. तेही कोणत्या कामाले, तर तुझ्या नवऱ्याच्या जेवणाच्या.

एक गोष्ट मी आजवर काढली नव्हती, आज काढते. भाऊजी प्लांटात छाती धरून पडले, दवाखान्याची गाडी येऊन नाही राहिली, तेव्हा साहिलच्या बाबांनी कोळशाच्या ट्रकाले आडवं होऊन थांबवलं आणि भाऊजीले मांडीवर घेऊन नागपूर गाठलं. दोघंही काळे झालेले, डॉक्टरले कळेना पेशंट कोणता. तू माझ्या गळ्यात पडून म्हणाली होती, माझं कुंकू तुझ्या घरच्यानं राखलं. आता त्याच माणसाची बायको तुझ्या कुंकवाले अपशकुन झाली?

त्या दिवशी मी तिथंच बसली आणि टोपल्यांत उरलेलं सारं खाल्लं. राग आला का मले भूक लागते, हे तुलेच माहीत आहे, म्हणून तू खाली पाहत होती. ऑटोत बसताना तू वाणाचा डबा माझ्या पिशवीत चोरून सरकवला. तो मी बसमध्ये बाजूच्या बाईले देऊन टाकला.

मले कुंकवाची हौस होती असं नाही. सकाळी घाईत कित्येकदा लावायचं राहूनच जात होतं. पण ते राहणं माझं होतं.

आता हे पत्र काहून लिहिलं ते सांगते. रथसप्तमीले माझ्या घरी हळदीकुंकू आहे. तुझ्याशिवाय कोणालेच बोलावलं नाही. मी माझ्या हातानं तुझ्या कपाळाले कुंकू लावीन, आणि मग तबक तुझ्या हातात देईन. भाऊजीच्या जिवाची भीती वाटत असेल तर येऊ नको, मी समजून जाईन, आणि त्यानंतर तुझा फोनही उचलणार नाही. आली तर पोटभर जेवशील. तिखट राहील.

रथसप्तमीच्या सांजेपर्यंत तरी तुझीच,
सुभी