पॅकेजमधली आजी

माळेगाव बुद्रुक
शनिवार, २७ डिसेंबर २०२५

चि. युवराज यास आईचे आशीर्वाद.

तुम्ही चौघं सुखरूप आलात हे कळलं. कुणाकडून, ते पुढं लिहिते. माझी तब्येत ठणठणीत आहे. एरवी लोक हे रीत म्हणून लिहितात, मी मुद्दाम लिहिते आहे. एक गुडघा सोडला तर तक्रार नाही. उसाला तोड आली आहे. मागच्या दारचा पेरू यंदा लगडलाय आणि खायला कोणी नाही म्हणून पोपटांची चैन आहे.

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. हे पत्र आज संध्याकाळी नकोशी तुझ्या हातात देईल. नकोशी कोण हे तुला आठवणार नाही, कारण बुधवारपासून तू तिच्या हातची भाकरी खातोयस आणि तिला "मावशी, अजून ठेचा" म्हणतोयस. आपल्या उसात खुरपायला यायची ती. लहानपणी तू बांधावर झोपलास की तीच तुला खांद्यावर टाकून घरी आणायची. हल्ली लेकीकडे पळसदेवला असते आणि तिथल्या पर्यटन केंद्रात आजीचं काम करते. तिनं मात्र तुला बघताक्षणी ओळखलं. आज तिची सुट्टी, तर सकाळची बस धरून आली आणि दारातूनच म्हणाली, "वैनी, आपला युवराज आलाय. डोक्यावर क्यास न्हाईत, पर चाल मालकांचीच हाय."

मग तिनं मला फोनवर त्या केंद्राची जाहिरात दाखवली. 'परदेशातील मुलांना अस्सल मराठी कुटुंबाच्या रोजच्या जीवनाची ओळख.' हसून हसून मला ठसका लागला. अस्सल! तिथला आजोबा हिंदुराव, त्याचं उभ्या जन्मात लग्न झालेलं नाही. सून म्हणून मिरवते ती इंदापूरच्या कॉलेजातली पोरगी, जीन्स घालून येते आणि गोठ्यामागं जाऊन लुगडं गुंडाळते. नकोशीच्या नाकातली नथ केंद्राची, संध्याकाळी जमा करावी लागते. मुलांना जात्यावर जे दळून दाखवतात ते पीठ कोंबड्यांना घालतात, भाकरीचं पीठ गिरणीतून येतं. नकोशी स्वतः घरी गॅसवर स्वयंपाक करते आणि सात वाजले की मालिका लावते.

आणि तिथून अर्ध्या दिवसात जाऊन येशील एवढ्या अंतरावर तुझं स्वतःचं घर. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! पण बरोबर आहे म्हणा. इथं सोफा आहे, मिक्सर आहे, गिझर आहे, आणि आजी दिवसभर गाऊनवर असते. असलं घर मुलांना काय दाखवायचं?

सृष्टीच्या जन्माच्या वेळी मी स्टुटगार्टला आले होते, तेव्हा तूही मला तिथल्या रोजच्या जीवनाची ओळख करून दिली होतीस. रविवारी मिक्सर लावायचा नाही, शेजारी तक्रार करतो. संध्याकाळी गार पाव आणि चीज, त्याला जेवण म्हणायचं. कुणाकडे जायचं तर पंधरा दिवस आधी विचारायचं. "आई, इथं असं चालत नाही" हे वाक्य मला पाठ झालं होतं. मग एकदा बाळाला आंघोळीनंतर वेखंड-ओव्याची धुरी दिली, छतावरचा भोंगा ओरडायला लागला आणि आगीचा बंब दारात आला. तू माझ्याकडे बोट दाखवून त्या माणसांना काहीतरी सांगितलंस आणि ते हसले. काय सांगितलंस, ते मी आजवर विचारलं नाही. सहा महिन्यांसाठी आलेली मी पुढच्या आठवड्यात परत आले.

आता नकोशी सांगते, तुमच्या पॅकेजमध्ये धूर आहे. मुलांना चुलीपुढं बसवून फुंकणी फुंकायला लावतात, त्यांच्या डोळ्यांतून पाणी येतं आणि तुझी बायको सोनम व्हिडिओ काढते. आईचा फुकटचा धूर म्हणजे अब्रू गेली आणि विकतचा धूर म्हणजे संस्कृती. शाब्बास!

इथवर मी हसतच होते. पण चहा झाला तरी नकोशी कप खाली ठेवीना.

"काय झालं गं?"

"वैनी, रागावू नगा. नात लई ग्वाड हाय तुमची. जात्याजवळ मांडीला मांडी लावून बसली. म्हनली, आमाला आजी न्हाय, देवाघरी गेली, बाबांनी सांगितलंय. तू हुशील का आमची आजी? खुंटा हातातच ऱ्हायला माझ्या."

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हननार? व्हय म्हनलं. पोरीचं तोंड बघवंना."

युवराज, गेल्या महिन्यात मी बारामतीला बँकेत जाऊन अंगठा लावून आले. तुझ्या वडिलांची पेन्शन मला चालू राहावी म्हणून दरसाल हयातीचा दाखला लागतो. मशीननं अंगठा ओळखला, हिरवा दिवा लागला, मी जिवंत निघाले. मशीनला जमलं ते पोटच्या पोराला जमलं नाही. आजीकडे का जात नाही, असं मुलांनी विचारलं असेल. तुला उत्तर सुचलं नसेल, टाकली मारून. दहावं-तेरावं तरी केलंस का? की तिथं तेही चालत नाही?

मला राग आलाय आणि तो इतक्यात जाणार नाही. पण सोमवारी तुमचं विमान आहे आणि मला माझी नातवंडं बघायची आहेत. यशराजला तर मी फोटोतसुद्धा धड पाहिलेलं नाही. रागाचं काय, तो नंतरही करता येईल.

म्हणून ठरवलंय. नकोशी उद्याही रजेवर आहे. बदली बाई येईल, असं तिनं मॅनेजरला फोन करून सांगितलंय. ती बदली बाई मी. जन्मात नऊवारी नेसले नव्हते, मघाशी नकोशीनं नेसवून दाखवली. आरशात बघून मला माझ्या सासूचीच आठवण झाली. जातं आता माझ्याच्यानं ओढवत नाही, पण भाकरी मी नकोशीपेक्षा पातळ थापते.

घाबरू नकोस. मी ओळख देणार नाही. मेलेलं माणूस लेकरांपुढं उभं करायला मी तुझ्याइतकी निर्दय नाही. दोघांना एकेक घास भरवीन, नथ जमा करीन आणि शेवटच्या बसनं परत येईन. त्यांना खरं सांगायचं की नाही, ते तुझं तू बघ. सांगितलंस, तर बसची वाट न बघता मला गाडीत घे आणि सगळे घरी चला. घरी चूल नाही, बैल नाहीत. मिक्सर आहे, आणि उद्या रविवार असला तरी मी तो लावणार आहे.

तुझी,
बँकेच्या लेखी अजून हयात असलेली
आई