हळदीच्या पाण्याची विहीर

कोलशेत, ठाणे
१६ फेब्रुवारी २०२५

चि. काळुरामास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुला फोन केला की विहिरीचा विषय निघताच रेंज जाते. बाकी सगळ्या विषयांना तुमच्या माळेपाड्यात रेंज असते. म्हणून हे पत्र. पत्र मध्येच कापता येत नाही. फार तर फाडता येतं.

तुझ्या कल्पिताच्या साखरपुड्याला आले तेव्हा पाय धुवायला विहिरीवर गेले होते. रहाटाला हात लावायच्या आधीच वास आला. वाकून पाहिलं तर पाण्यावर हिरवट साय आणि तिच्यात अडकलेली पांढरी पिसं. तुला विचारलं, तर म्हणालास की पिंपळाचा पाला कुजलाय. काळू, पिंपळाला पिसं कधीपासून यायला लागली?

मग मीच उतार चढून वर गेले. तुझ्या दोन्ही पोल्ट्री शेडच्या मागे विष्ठेचे ढीग आणि मेलेल्या कोंबड्यांचा उघडा खड्डा. खड्डा वर, विहीर खाली. पाणी कुठल्या दिशेला जातं हे मला कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी नकाशावर शिकवलं. तू तर त्याच उतारावर भात लावून मोठा झालास.

मी तुला शाकाहार शिकवायला बसलेले नाही. आमच्या टॉवरमध्ये त्यासाठी वेगळी कमिटी आहे. त्यांना लिफ्टमध्ये सुक्या बोंबलाचा वास चालत नाही, म्हणून मी दर रविवारी दार उघडं ठेवून बोंबील भाजते. पण आपण मटण कधी खायचो, आठव. जत्रेला, गटारीला, हळदीला. बोकड घरचा, बांधावरच्या गवतावर वाढलेला. तुझी कोंबडी गवत खात नाही. ती मका आणि सोयाबीन खाते. ते पीक कुठल्यातरी गावाचं पाणी पिऊन उगवतं, ट्रकने तुझ्या दारात येतं. वर तिला प्यायला आपली विहीर आणि उन्हाळ्यात अंगावर फवारायलाही आपलीच विहीर. एवढं गिळून ती सव्वा महिन्यात ताटात जाते, आणि मागे राहिलेली घाण आईच्या विहिरीत.

आपल्या घरात नवरीच्या हळदीचं पाणी याच विहिरीतून निघतं आणि पहिला हंडा आत्या ओढते. आत्याने ओढला नाही तर दुसरी कुणी बाई दोराला हात लावत नाही, हे तुला ठाऊक आहे. म्हणून आत्ताच सांगते. मे महिन्यातल्या हळदीआधी खड्डा आणि ढीग तिथून हलव, विहीर उपसून घे. नाहीतर हंडा ओढायला मी येणार नाही.

जयाला आणि मुलांना आशीर्वाद. राग तुमच्याच घरावर आहे आणि मायाही. दोन्ही सांभाळून घ्या.

तुझी ताई,
रतन


माळेपाडा, ता. कल्याण
२ मार्च २०२५

ती. रतनताईस,
काळुरामचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र जयाने मोठ्याने वाचलं. पिंपळाला पिसं येतात हे वाक्य तिला इतकं आवडलं की दोन दिवस मला चहाबरोबर तेच मिळतंय. टेलिफोन खात्यातून रिटायर झालीस पण आमची मदर सुपीरियर काही रिटायर होत नाही.

ताई, भात लावून घर कसं चालायचं ते तू बघितलंयस. आता दिव्यात, डोंबिवलीत, विठ्ठलवाडीला जाऊन बघ. रोज नवी बिल्डिंग. त्या माणसांना रोज जेवायला लागतं. बोकड त्यांना परवडत नाही, खाडीत मासा उरला नाही. मग त्यांना कोण जेवायला घालणार? तुझी कमिटी? तुझा टॉवर खाडीच्या ज्या खाजणावर उभा आहे तिथे आपले बाबा जिताडा धरायचे. ते खाजण बुजवलं तेव्हा कोणी वाकून वास घेतला नव्हता. पाप फक्त काळुरामच्याच शेडमध्ये दिसतं.

कंपनी पिल्लं देते, खाद्य देते, वाढली की गाडी लावून घेऊन जाते. मेलेलं आणि घाण तेवढी माझ्याकडे ठेवते. ती टाकायला माझ्याकडे दुसरी जागा नाही. तरी तुझ्यासाठी करतो. चालू लॉट गेला की शेड रिकामी होईल, तेव्हा खड्डा पलीकडे नेतो. शब्द दिला.

हळदीला अख्खा पाडा आणि आपल्या जावयाची, विनीतची दिव्याची मंडळी जेवायला असणार. सगळी कोंबडी घरची. धवळे गायला आपली विमलाबाईच. विहिरीखालच्या घरात बसून आतापासून लग्नाची गाणी घोळवतेय, वरपर्यंत ऐकू येतं. तुझ्या लग्नात पण तीच गायलेली. तेव्हा तू फार रडलेलीस, मी विसरलो नाही.

तू आली नाहीस तर हळद कशी होणार? धाकट्याला ओरड, पण टाकू नकोस.

तुझा,
काळू


माळेपाडा
२४ एप्रिल २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी ऑफिसला जाताना कल्याणला टाकतेय. बाबांना माहीत नाही. तूही सांगू नकोस.

खड्डा हलला नाही, आत्या. लॉट गेला, आठवड्यात दुसरा आला. मग या उन्हात कोंबड्या पटापट मेल्या आणि बाबांनी खड्डा उलट मोठा केला. मी बोलले तर म्हणाले, लग्न होऊन चाललेल्या मुलीने शेडमध्ये लक्ष घालू नये.

विमलाबाईंना परवा कल्याणच्या हॉस्पिटलमध्ये नेलं. जुलाब, उलट्या, ताप. त्यांच्या नळाला पाणी आलं तर येतं, त्यामुळे त्या विहिरीचंच पितात. मी कितीदा सांगितलं, नका पिऊ. त्या म्हणायच्या की फडक्याने गाळून घेते, पिसं सगळी वर राहतात. बाबा म्हणतात ऊन लागलं.

आता खरी गोष्ट सांगते. हळदीच्या आदल्या दिवशी बाबा विहिरीत टँकर ओतणार आहेत. म्हणजे वरचं पाणी स्वच्छ दिसेल, तुझा हंडा भरेल आणि रीत झाली असं सगळे म्हणतील. विहिरीत टँकर रिकामा करणारा माणूस मी कधी ऐकला नव्हता, तो माझ्याच घरात निघाला.

पण तू ये. प्लीज. तू आली नाहीस तर पाहुणे मलाच नावं ठेवतील. विनीतच्या आईने आधीच सांगून ठेवलंय की दिव्यात पाण्याची बोंब असते, सुनेने पाण्यावरून हट्ट करायचा नाही. मी विनीतला म्हटलं, हुंड्यात टाकीच आणते. तो हसला नाही, किती लिटरची असं विचारलं.

तुझ्या शिव्या मला आवडतात, फक्त त्या दिवशी थोड्या कमी आण.

तुझी,
कल्पिता


कोलशेत, ठाणे
३० एप्रिल २०२५

चि. सौ. कां. कल्पितास,
अनेक आशीर्वाद.

काल कल्याणला जाऊन विमलाबाईंना पाहून आले. हाताला सलाईन, ओठ फुटलेले. मला ओळखलं. आवाज इतका खोल गेलाय की कान तोंडाशी न्यावा लागला. पोरीचे धवळे माझ्याकडून राहिले, आता मोबाइलवर लावा, एवढं म्हणाल्या आणि तोंड भिंतीकडे केलं. तक्रार केली नाही. मला तक्रार ऐकायची होती.

तुझ्या बाबाने खाजणावरून मला सुनावलं ते खरं आहे. खरं आहे म्हणूनच झोंबलं. पण खाडी मेली म्हणून विहीर मारायची परवानगी मिळत नाही. आणि लोकांना जेवायला घालतो हे तो कुणाला सांगतो? विमलाबाई लोकांत मोडत नाहीत का?

मी येते. हंडाही ओढते. तुझी हळद माझ्यामुळे अडणार नाही. त्यानंतर मी काय करणार ते तुला सांगत नाही, म्हणजे तुला बापासमोर बेधडक म्हणता येईल की तुला ठाऊक नव्हतं.

जेवत जा. नवरीने बारीक व्हायची नवी फॅशन मला पसंत नाही.

तुला जीव लावणारी,
आत्या


माळेपाडा
१ जून २०२५

ती. रतनताईस,
नमस्कार. साष्टांग या वेळी नाही, कंबर धरली आहे.

दोन आठवडे पत्र लिहीन म्हणतो आणि राग येऊन ठेवून देतो. मांडवात तू जे केलंस ते भावकीतला वैरी पण करत नाही. हंडा ओढलास, बायकांनी वाजतगाजत आणला, पोरगी पिवळी होऊन पाटावर बसलेली. आणि तू तिच्या अंगावर पाणी घालायच्या आधी तांब्या भरून माझ्यासमोर धरलास. सगळ्यांदेखत म्हणालीस की आधी पोरीच्या बापाने एक घोट घ्यावा. असली रीत आपल्यात कधी होती?

मी घेतला नाही, कारण माझ्या अंगणात मला कोणी हुकूम करत नाही. टँकरचं पाणी होतं, पिऊन मेलो नसतो. पण तू तांब्या खाली घेईनास आणि सगळा मांडव माझ्या तोंडाकडे बघत राहिला. डीजेवाल्याने आवाज वाढवला म्हणून निभावलं. पोरीला शेवटी वीस लिटरच्या जारने न्हाऊ घातलं. माझ्या मुलीची हळद बाटलीच्या पाण्याने झाली, ती तुझ्यामुळे.

आणि ताई, जेवण सोडून कोण गेलं? सांग. एक माणूस दाखव. पातेली खरवडली लोकांनी. तुझ्या शेजारी बसलेला विनीतचा मामा तिसऱ्यांदा रस्सा मागत होता. लोकांना काय हवं ते लोकांना कळतं.

आता ऐक. तुझी अट होती की खड्डा विहिरीच्या वर नको. पाळली. विहीर बुजवली. माती होती, रस्त्याच्या कामाचं डेब्रिज होतं, चार दिवसांत काम झालं. त्या जागेवर तिसरी शेड येतेय, ती आपल्या दिपेशच्या नावाने. पोरगा बारावी झाल्यापासून घरी बसलाय, त्याचंही बघायला नको? बोअर मारली, खूप खोल गेली, पण पाणी लागलं. विमलाबाई घरी आलीये. आवाज काही परत आला नाही, पण बोअरवरून तिला नळी देणार आहे. मग नुकसान कोणाचं झालं?

कल्पिता आणि विनीत रविवारी तुझ्याकडे येतायत. त्यांच्याबरोबर एक कोंबडी साफ करून पाठवतो. रागाच्या भरात फेकू नकोस.

भांडलीस तरी बहीण आहेस. यायचं बंद करू नकोस.

काळुराम


कोलशेत, ठाणे
९ जून २०२५

चि. काळुरामास,
आशीर्वाद.

जेवण सोडून कुणी गेलं का, असं तू विचारलंस. नाही. मीही पंगतीत बसून तेच बघत होते. मला वाटलं होतं, लोकांना ठाऊक नसेल. तांब्या पुढे केला की कळेल आणि कळलं की निदान चार बायका उठतील. आता कळतंय, त्यांना आधीपासून ठाऊक होतं. पाड्यात कुणाच्या नाकाला वास येत नाही? त्यांना फक्त रस्सा गरम हवा होता. तेव्हा मांडवात तू जिंकलास, हे लिहून देते.

बोअरचं पाणी संपलं की आणखी खोल जाशील. तेही संपलं की टँकर. टँकर कुठून भरतो हे तू विचारणार नाहीस, कारण तिथेही कुणीतरी विमलाबाई असेल.

कोंबडी पोचली. फेकली नाही. मका, सोयाबीन, ट्रकचं डिझेल, तुझी बोअर आणि आईची विहीर एवढं खाऊन आलेली वस्तू कचऱ्यात टाकण्याइतकी मी श्रीमंत नाही. आपला मसाला घालून रस्सा केला. मुलांना वाढला, मीही जेवले. मऊ होती. चव मसाल्याचीच लागली.

जेवता जेवता कल्पिताने विचारलं, आत्या, पुढे दिपेशला मुलगी झाली तर तिची आत्या मी, मग हंडा मी कुठे सोडायचा? मी तिच्या पानात भात वाढत राहिले, तिने हात आडवा धरला तरी. विनीत गुणी मुलगा आहे. त्याने तिची समजूत काढली, की एवढं काय, आदल्या दिवशी जार मागवून ठेवू.

तो थट्टा करत नव्हता.

लोभ कमी कसा करायचा ते मला अजून जमलेलं नाही, म्हणून आहे तसाच आहे.

रतन