सरावाचा फॉर्म

४ जुलै
आलो एकदाच्या! पोलादपूर सोडून आंबेनळीच्या वाटेला लागलं की थोड्याच अंतरावर हे गाव. दोन खोल्या, समोर भातखाचरं. आरोग्य संशोधनाचं काम आहे: घरोघर जाऊन, कुणी वारलं असेल तर काय झालं ते विचारून फॉर्म भरायचा. साठीला नोकरी! धाकटी बहीण नशरा सोबत आली. आपा, तू एकटी चहासुद्धा करपवशील, म्हणाली. आल्या आल्या अनवाणी बांधावर गेली, टाकळ्याची भाजी घेऊन चिखलाने माखून परतली. लहानपणीही अशीच होती.

८ जुलै
आमची पर्यवेक्षक समीक्षा म्हणाली, मरणाचं विचारताना जीभ अडखळू नये म्हणून घरच्या माणसावर सराव करा, आणि मावशी, तो फॉर्म लगेच फाडून टाका. सरावापुरती नशरा आनंदाने मेली! तारीख? एकोणीस, शनिवार; रविवारी कुणाची सुट्टी वाया जायला नको. ताप? सात दिवस. तिसऱ्या दिवशी डोळे पिवळे, पाचव्या दिवशी लघवी बंद. मृत्यूचं ठिकाण? वाटेत, नाहीतरी मला गाडी लागतेच. हसून हसून आमच्या डोळ्यांत पाणी. शेवटचा प्रश्न होता, दवाखान्यात न्यायला उशीर का झाला. तेवढ्यात दूध उतू गेलं, तो कोराच राहिला.

फॉर्म फाडला नाही. पाचगणीच्या शाळेत सिस्टर अ‍ॅग्नेस म्हणायच्या, लिहिलेला कागद फाडू नये. अजून हात धजत नाही. ट्रंकेत ठेवला.

१३ जुलै
नशराला ताप. भिजली असेल. पेज दिली. पोटऱ्या फार दुखतात म्हणते.

१५ जुलै
सकाळी खिडकीशी तिचा चेहरा पाहिला. डोळे हळदीसारखे.
ट्रंक उघडली. तिसरा दिवस.
आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी आजच महाडला न्या म्हणून सांगितलं. गावातला भिकाजी गाडी घेऊन दारात आला. रस्ता मोकळा होता.
मी गाडी परत पाठवली. फॉर्मवर ‘वाटेत’ लिहिलंय. तिला वाटेवर नेलंच नाही तर —

१७ जुलै
फॉर्म फाडला. सिस्टर, माफ करा. चुलीत घातला, राख ओढ्यात सोडली.
दुपारपासून लघवी बंद.
अक्षर माझंच होतं. निळी शाई, वळणदार —

१८ जुलै
समीक्षा आली, ओरडली. एवढ्या शिकलेल्या तुम्ही, मावशी, कागदाला घाबरून बसलात? मी दार अडवून उभी. नशरा आतून म्हणाली, आपा, मला ने गं.
ने गं, म्हणाली.

१९ जुलै, शनिवार
गाडीत आहोत. समीक्षाने नशराला उचलून घातलं. तिचं डोकं माझ्या मांडीवर.
गाडी थांबली. भिकाजी पाहून आला. पुढं दरड आली हाय, मघाशीच, जायाला वाट नाय, म्हणतो.
पंधराला मोकळी होती.
गाडी लागत नाही आज तिला. एकदाही — हात गार —

समीक्षा बाहेर तोंड फिरवून उभी आहे.
सगळी उत्तरं आपण दोघींनी लिहिली होती, नशरा. एकच राहिलं होतं. उशीर का झाला.
कारण मी