तांबेऱ्यानं तहान नेली

३ जानेवारी १९८३
आज कृषी खात्याच्या नोकरीवर रुजू झालो. उदगीरहून निघालेली एसटी धुरळा उडवत जळकोटच्या पुढं आली आणि फाट्यावर मला नि माझ्या वळकटीला सोडून गेली. गावच्या पाटीवर ‘उस्मानाबाद’ खोडून ‘लातूर’ रंगवलंय. मी मुरुडचा, म्हणजे मीही आता नव्या जिल्ह्याचा. उगाच बरं वाटलं.

काम सोपं आहे. माणिकप्पांच्या मळ्यात गव्हाच्या निरनिराळ्या वाणांच्या ओळी पेरल्यात. कोणत्या वाणाला तांबेरा, म्हणजे पानांवरची गंजासारखी बुरशी, धरतो, त्यावरून यंदा रोगाचा जोर किती ते कळतं. या दुष्काळात ना ओल ना दव. तांबेरा कुठून येणार? आरामच आहे.

खोली माणिकप्पांच्याच घरात. म्हातारा-म्हातारी दोघंच, पोटी मूल नाही. गौरम्मांनी गरम भाकरी नि ठेचा वाढला. बायकोला कधी आणणार, विचारलं. पाण्याची सोय झाली की आणतो, म्हणालो. तर खो-खो हसल्या. “मग म्हातारी होऊनच येईल की रे ती!”

९ जानेवारी
विहीर तळाला गेली आहे. तरी वाफ्यांना पाणी द्यायचंच, असा वरून हुकूम. मी पाणी सोडतो तेव्हा बाया रिकाम्या घागरी घेऊन काठावर उभ्या असतात. माणिकप्पा म्हणाले, “पाजा साहेब. सरकारचा गहू हाय. आमचं टँकरवर भागंल.” टँकर आलाच नाही.

रात्रीच्या जेवणात गौरम्मांनी स्वतःचा तांब्या माझ्यापुढं सरकवला. तहान नाही म्हणाल्या. ओठ फुटलेले होते त्यांचे.

१७ जानेवारी
तांबेरा आला! पानांवर नारिंगी पुळ्या. बोट फिरवलं की गंजक्या पत्र्यासारखं रंगतं. ज्या वाणांना आजवर त्यानं कधी धरलं नव्हतं, तेही भरलेत. पानं पाकिटात घालून लातूरला पाठवली. रुद्राणीलाही पत्र लिहिलं, की तुझ्या नवऱ्याला मोठं काम मिळालंय.

एक नवल मात्र आहे. बिनरोगाची ओळ वाळून चाललीय, आणि रोगट गहू हिरवागार.

२३ जानेवारी
शेजारच्या ज्वारीवर तांबेरा. असं होत नाही. गव्हाचा तांबेरा गव्हावरच राहतो. मग बांधावरच्या हरळीवर दिसला. आज लिंबाच्या पानांवर.

गौरम्मा रोज वाफ्यातलं गवत काढतात. त्यांच्या मनगटावर नारिंगी ठिपके दिसले. भुकटी असेल म्हणून मी पुसायला गेलो. पुसली जाईना. उंचवटे हाताला लागले. मी हात मागं घेतला, ते त्यांना दिसलं.

“दुखत न्हाई रे लेकरा,” त्या म्हणाल्या. “उलट तहानच लागंना झालीय.”

उदगीरला डॉक्टरकडं नेलं. मलम मिळालं.

२९ जानेवारी
गौरम्मांचा चेहरा भरलाय. सुरकुत्या कमी झाल्यात. पाण्याचा थेंब घेत नाहीत, आपल्या वाट्याची घागर शेजारी वाटून टाकतात. माणिकप्पा कौतुकानं बघत बसतात. लग्नात अशीच दिसत होती, म्हणाले. परवापासून तेही पाणी पीत नाहीत.

दुपारी मळ्यात गेलो तर बाया वाफ्यात. पानं तोडून हातांवर चोळत होत्या. शेजारची नीलम्मा कडेवरच्या पोरीच्या गालांना लावत होती. मी ओरडलो, पान हिसकावलं.

“पानी देता का साहेब?” ती शांतपणे म्हणाली. “काल रातभर जीभ भाईर काढून रडली ही. देता का? न्हाई ना? मंग व्हा बाजूला.”

मी बाजूला झालो.

२ फेब्रुवारी
तांबेऱ्याला जिवंत पान लागतं. स्वतःचं भागेपर्यंत तो पानाला हिरवं राखतो. तेवढ्यापुरतंच. घरोघर जाऊन हे सांगितलं. लोक हसून ऐकतात. सगळ्यांचे चेहरे टवटवीत आहेत. विहिरीवर भांडण नाही, माणूसच नाही. दोर कोरडा.

रुद्राणीला तार केली, येऊ नकोस.

५ फेब्रुवारी
गौरम्मा गेल्या.

सकाळी ओट्यावर बसल्या होत्या. ऊन अंगावर आलं तरी उठेनात म्हणून माणिकप्पांनी खांद्यावर हात ठेवला. हात आत गेला. आत काहीच नव्हतं — नुसती नारिंगी भुकटी.

ते रडू लागले, पण डोळ्यांतून पाणी येईना. धोतरात तिला गोळा करत होते. “लई हलकी झाली रे ही,” एवढंच म्हणत होते. आम्ही खड्डा खणला. वारं सुटलं. निम्मी तर वाटेतच —

६ फेब्रुवारी
वाफे पेटवले. चूक झाली. जाळ व्हायच्या आधीच भुकटी उठली. ढगच्या ढग, मुदखेडच्या दिशेनं. गावातले लोक ढग आला म्हणून बाहेर येऊन वर बघत होते. नीलम्माची पोर टाळ्या वाजवत होती.

७ फेब्रुवारी
नीलम्मा रिकामी झोळी हलवत बसलीय. मला बघून बाजूला सरकली, बसायला जागा केली.

माणिकप्पा ओट्यावरच आहेत. मी हात लावला नाही.

८ फेब्रुवारी
कालपासून पाणी प्यायलो नाही. आठवणच झाली नाही.

बाहीखाली बघायचं नाही असं ठरवलं होतं.

बघितलं.

९ फेब्रुवारी
आतून कडी लावलीय. रुद्राणी आलीय. तार मिळाली होती. नको येऊस म्हटल्यावर कोण थांबतं, म्हणतेय. मुरुडहून कळशीभर पाणी आणलंय, कळशीच्या तोंडाला फडकं बांधून, दोन गाड्या बदलून. दार उघडा, दोन घोट प्या, मग रागवा, म्हणतेय.

ओरडून सांगायला गेलो, परत जा. आवाज फुटत नाही. घसा नुसता फुसफुसतो.

ती रडतेय, फटीतून दिसतंय. तिला पाणी येतंय डोळ्यांत. अजून येतंय.

दाराच्या फटीतून बोटं आत घातलीत. माझा हात धरा, म्हणतेय. मी कोपऱ्यात सरकलो. जाणार नाही. तिकडं जाणार नाही. पण हा हात — मी उचलत नाहीय, तरी तिच्याकडं —