बुधाजीच्या जिभेवर

३ नोव्हेंबर
फणसवाडीतून बाडबिस्तरा उचलला आणि आज परळला नातीकडे राहायला आले. इरावतीची जागा दुसऱ्या मजल्यावर, नळाला दिवसभर पाणी. आमच्या वाडीत पाण्यावरून जमलेली लग्नं मोडलीत. इराने औषध कंपनीची फुकट आलेली डायरी दिली. माझं शिक्षण चौथी, पण कोरा कागद वाया घालवणं जिवावर येतं.
इरा साथीच्या रोगांच्या इस्पितळात क्लिनिकल फार्मासिस्ट आहे. मला वाटलं, पुड्या बांधत असेल. तर नाही. डॉक्टरांबरोबर वॉर्डात फिरते, कुणाला कुठलं औषध किती, कुठलं कशाशी भांडेल, ते सांगते. म्हणजे डॉक्टरांच्या चुका काढायचा पगार! आमच्या घरात बायकांनी हेच काम जन्मभर फुकट केलं. अजून कंत्राटावर आहे. फेब्रुवारीत कायम करतील म्हणते. पोरीचा सगळा जीव त्यात अडकलाय.

१४ नोव्हेंबर
तळमजल्यावर बुधाजी इस्त्रीवाला राहतो. एकटा. औषधाला न जुमानणारा टीबी झालाय, इराचाच पेशंट. गोळ्या गालात धरून कुंडीत थुंकायचा. म्हणून आता रोज सकाळी आमच्या दारात येऊन गोळी गिळायची, मग तोंड उघडून, जीभ वर करून दाखवायची. इरा लवकर गेली की पहारा माझा. मी म्हटलं, मेल्या, यमाला असं फसवलंस तर खरा. तर म्हणतो कसा, काकी, तुझ्यापेक्षा यम बरो. निघाला की मी म्हणते, उद्या या हं. दारातून निघालेल्याला 'जा' म्हणायचं नाही, हे हाडात मुरलंय.

२ डिसेंबर
बुधाजी गेला. उपचार उशिरा सुरू झाले, एवढंच इरा म्हणाली आणि न जेवता झोपली. तिरडी उचलली तेव्हा मी जिन्यात होते. सवयीने तोंडातून निघून गेलं, उद्या या हं. शेजारच्या जाईबाईने माझं तोंड दाबलं. म्हणाली, म्हातारे, प्रेताला कुणी बोलावतं का?

३ डिसेंबर
सकाळी चहा गाळत होते. तो दारात उभा. तोंड उघडलं, जीभ वर केली. आत काही नाही. मी नीट बघेपर्यंत हलेना. बघितलं, तेव्हा गेला. जाईबाईने डोक्यात भरवलं, असं म्हणून चहा प्यायले. गार झाला होता.

१९ डिसेंबर
रोज येतो. अंगारा लावला, आईबहिणीवरून शिव्या घातल्या. जा म्हटलं, जन्मात पहिल्यांदा. तोंड वासून उभाच.
इराला दिसत नाही. इरा खोकते.

८ जानेवारी
इराला बुधाजीचाच टीबी लागला. औषधं तिनेच आखून घेतली. म्हणाली, आजी, आता माझ्यावर पहारा दे. ती गिळते, तोंड उघडते, मी जिभेखाली बोट फिरवून बघते. गिळलेली असते.
मग दारातला तोंड उघडतो. त्याच्या जिभेवर तीच गोळी. ओली.

२५ जानेवारी
इराचं रक्त तपासलं. रक्तात औषधच नाही. डॉक्टर तिला विचारतात, गोळ्या चुकवतेस का. इराला! मी म्हटलं, माझ्या डोळ्यांदेखत घेते. बाकीचं काय सांगू? वेडी म्हणून मलाच फणसवाडीला पाठवतील, मग तिच्यापाशी कोण—
डोस वाढवला. आता त्याच्या जिभेवर जास्त गोळ्या.

४ फेब्रुवारी
नोकरी कायम झाल्याचा फोन आला. इरा कुजबुजली, आजी, सोमवारपासून मी— पुढे नुसता खोकला.
गोळ्या कुटून दुधातून दिल्या. त्याची जीभ पांढरी.
हिची हाडं दिसतात. त्याचे गाल भरलेत.

६ फेब्रुवारी
वॉर्डात आहोत. मला मास्क बांधून बाजूला बसवलंय. इराला वाटतं, तिचं पोट औषध धरत नाही. म्हणाली, तोंडाने नको, शिरेतून द्या. श्रेया नर्सने सुई लावली. बाटली उतरतेय. किती दिवसांनी पोर शांत झोपली—

तो आलाय. पलंगाच्या पायाशी. तोंड मिटलेलं. मला वाटलं, हरला—

सदऱ्याची बाही वर सारतोय. हळूहळू. कोपरापाशी शीर—

इरा, बाळा, हात आत घे, हात—